साक्ष आवाजाची : पाहावेत असे काही माहितीपट

सीमाभागातील मराठी माणसाने गेल्या सात दशकांत कागद पुष्कळ जमवला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातला गेला. तेव्हापासून निवेदने, ठराव, जनगणनेचे तक्ते, गावांच्या याद्या, १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगापुढे मांडलेली बाजू आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याची कागदपत्रे असा हा संग्रह वाढतच गेला. त्याची गरज होती आणि आजही आहे. शासनाशी व न्यायालयाशी कागदाच्याच भाषेत बोलावे लागते. परंतु या एवढ्या संग्रहात एका गोष्टीची उणीव मला नेहमी जाणवत आली आहे. ज्या भाषेसाठी हा सारा खटाटोप, ती भाषा बोलणाऱ्या माणसांचा आवाज त्यात जवळजवळ नाही. १९५६ साली विशीत असलेला माणूस आज नव्वदीच्या घरात आहे. त्याचा आवाज कुठे जतन झाला आहे, असे कोणी विचारले तर दाखवायला आपल्याजवळ फारसे काही नाही.

अलीकडे काही तरुण मंडळी मोबाइलवर वृद्धांच्या मुलाखती चित्रित करू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्यापैकी काहींनी मला विचारले, की या कामाला लागण्यापूर्वी आम्ही काय पाहावे? मी चित्रपटकलेचा जाणकार नव्हे. भाषेचा कार्यकर्ता म्हणून जे माहितीपट पाहिले आणि पुनःपुन्हा पाहावेसे वाटले, त्यांतील काहींविषयी येथे लिहितो. प्रत्येक माहितीपट पाहताना मी एकच प्रश्न मनाशी धरतो : यात कोणाचा आवाज ऐकू येतो, आणि तो त्याच्या स्वतःच्या भाषेत ऐकू येतो का?

आधी शब्दाचा थोडा विचार करू. इंग्रजीतील ‘डॉक्युमेंटरी’ या शब्दाच्या पोटात ‘डॉक्युमेंट’, म्हणजे दस्तऐवज आहे. जॉन ग्रिअर्सन यांनी १९२६ साली रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या सामोआ बेटावरील ‘मोआना’ या चित्रपटाचे परीक्षण लिहिताना तो वापरला आणि पुढे तो रूढ झाला. मराठीत आपण पूर्वी ‘अनुबोधपट’ म्हणत असू, आता ‘माहितीपट’ म्हणतो. या दोन शब्दांत अंतर आहे. माहितीपट म्हटले की कोणीतरी जाणकार आपल्याला माहिती देणार आणि आपण ती घेणार, असे चित्र उभे राहते. माझ्या पिढीच्या मनात ते चित्र फिल्म्स डिव्हिजनमुळे पक्के बसले. १९४८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे छोटे पट चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवणे बंधनकारक होते. तेच चित्रण निरनिराळ्या भारतीय भाषांतील निवेदनांसह देशभर जाई. पडद्यावरचा शेतकरी, विणकर किंवा कोळी तोंड हलवताना दिसे, पण बोले तो निवेदकच. त्या निवेदकाची भाषा शुद्ध असे, आवाज भारदस्त असे, आणि शेतकरी मात्र मुका राही. मी पुढे ज्यांची शिफारस करणार आहे, त्या बहुतेक पटांनी हा मुकेपणा मोडला आहे.

सुरुवात फ्लाहर्टींच्याच दोन पटांपासून करावी, कारण त्यांत दोन्ही टोके दिसतात. आयर्लंडच्या पश्चिमेकडील अ‍ॅरन बेटांवर चित्रित झालेला त्यांचा ‘मॅन ऑफ अ‍ॅरन’ १९३४ साली आला आणि जगभर गाजला. खडकाळ बेट, उसळता समुद्र, त्यांच्याशी झुंजणारे एक कुटुंब. दृश्ये आजही डोळे दिपवणारी आहेत. पण त्या कुटुंबातील माणसे प्रत्यक्षात एकमेकांची कोणी नव्हती, चेहरे पाहून त्यांना एकत्र आणले होते. त्यात दाखवलेली शार्क माशांची शिकार बेटावर कित्येक दशकांपूर्वी बंद पडली होती. चित्रीकरणासाठी ती बेटकऱ्यांना नव्याने शिकवावी लागली. आणि भाषेच्या कार्यकर्त्याला सर्वांत खुपणारी गोष्ट अशी, की आयरिश हीच ज्यांची घरची भाषा, त्यांच्या तोंडी लाटांच्या आवाजात इंग्रजीचे तुटक तुकडे ऐकू येतात.

या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणासाठी बेटावरची मंडळी लंडनला आली असताना फ्लाहर्टींनी आयरिश शासनासाठी सुमारे अकरा मिनिटांचा आणखी एक पट केला. त्याचे आयरिश नाव ‘ईहे हानखिश’, म्हणजे कथाकथनाची रात्र. स्टुडिओत उभारलेल्या चुलीपाशी शॉनीन टॉम नावाचा वृद्ध कथेकरी बसला आहे, भोवती बेटावरचीच माणसे आहेत, आणि तो आयरिशमध्ये समुद्राची एक गोष्ट सांगतो आहे. एवढेच. १९३५ चा हा पट आयरिश भाषेतील पहिला बोलपट मानला जातो. पुढे तो कायमचा नष्ट झाल्याचे लोक समजत होते. २०१२ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहात त्याची एक प्रत सापडली.

या दोन पटांची तुलना मी तरुणांना मुद्दाम करायला सांगतो. पहिल्यात सारे भव्य आहे, पण माणसांकडून त्यांची भाषा काढून घेतली आहे. दुसऱ्यात चूल खोटी आहे, स्टुडिओ लंडनचा आहे, तरी कथेकऱ्याचा श्वास, शब्दावरची जोरकस फेक, ऐकणाऱ्यांचे मध्येच दाद देणे हे सारे खरे आहे. आयरिशचा एक शब्द न समजणाऱ्या मलाही ते ऐकताना आमच्याकडच्या रात्रीच्या भजनानंतरच्या गप्पा आठवल्या. देखावा साधला नाही तरी चालेल, बोली निसटता कामा नये, हा धडा यात आहे.

‘द सायलेंट व्हिलेज’ हा १९४३ चा हम्फ्री जेनिंग्ज यांचा पट सुमारे ३६ मिनिटांचा आहे. जून १९४२ मध्ये नाझी सैन्याने चेकोस्लोव्हाकियातील लिदित्से हे खाणकामगारांचे गाव नष्ट केले, तेथील पुरुषांना गोळ्या घातल्या. जेनिंग्ज यांनी ही कहाणी वेल्समधील कुमगीएध या खाणगावात, तेथल्याच गावकऱ्यांना घेऊन उभी केली. हे आपल्याकडे घडले असते तर, अशी ती कल्पना. म्हणजे हा काटेकोर अर्थाने माहितीपट नव्हे, पण गावाचे चित्रण मात्र अस्सल आहे. प्रारंभी गावाचे रोजचे जगणे येते : प्रार्थना, शाळा, दुकान, खाण, घरातले बोलणे, बरेचसे वेल्श भाषेत. मग एक काळी मोटार येते. तिच्यावर ध्वनिक्षेपक आहे. आक्रमक पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही, फक्त त्याचा आवाज हुकूम सोडत गावातून फिरतो. शाळेत वेल्शवर बंदी येते आणि शिक्षिकेला ती बातमी मुलांना सांगावी लागते.

हा प्रसंग सीमाभागातल्या कोणत्याही मराठी शिक्षकाला अस्वस्थ करील. पण मी येथे तरुणांना सावध करतो. आपला प्रश्न लोकशाहीतला आहे, आपला शेजारी हा आपला शत्रू नाही, आणि लिदित्सेशी आपली तुलना करणे हा तिथल्या मृतांचा अवमान ठरेल. या पटातून घ्यायचे ते वेगळे आहे. युद्धकाळात ब्रिटिश सरकारच्या चित्रपट विभागाने तो केला, म्हणजे तो प्रचारपट आहे. नाझी आले तर तुमची भाषा शाळेतून हाकलतील, असे तो वेल्श माणसाला सांगतो. परंतु वेल्समधल्या कित्येक शाळांत एकोणिसाव्या शतकात वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवून त्याला शिक्षा केली जात असे. ते करणारे नाझी नव्हते. दुसऱ्याची दडपशाही दाखवताना स्वतःचा इतिहास गाळायचा, हा प्रचाराचा स्वभाव असतो. असे असूनही या पटाची पहिली काही मिनिटे टिकली, ती त्यात गाव आपल्या भाषेत सहजपणे जगताना दिसते म्हणून. प्रचाराचा भाग काळाबरोबर मागे पडला. गावाचा आवाज मागे पडला नाही.

ही गोष्ट मला एवढी महत्त्वाची का वाटते, ते एका अनुभवावरून सांगतो. खानापूर तालुक्यातील एका वृद्ध बाईंची मुलाखत काही उत्साही कार्यकर्त्यांनी चित्रित केली होती. तीन-चार मिनिटांची ती फीत बऱ्याच जणांच्या मोबाइलवर फिरली. त्यात आजी सीमाप्रश्न सुटलाच पाहिजे, असे स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणतात. मी मूळ चित्रण मागून घेतले. ते चाळीस मिनिटांचे निघाले. त्यात आजी आपल्या बोलीत बोलत होत्या. आमच्याकडचे ‘काय करालास’ हे वळण त्यात होते, बाजारातला भाव सांगताना आपसूक कन्नड आकडे येत होते. नवरा सत्याग्रहात तुरुंगात गेला तेव्हाचे दिवस त्या सांगत होत्या. शेजारची कन्नड बोलणारी बाई रोज संध्याकाळी भाकरी आणून देई, असे त्या म्हणाल्या, आणि पुढे, “तिच्याच घरची भाकर खाल्ली माझ्या पोरांनी. ते कसं इसरू, बाळा?” एवढे बोलून त्या बराच वेळ गप्प बसल्या.

हे सारे कापले गेले होते. कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले, की विरोधक याचा उपयोग करतील. उत्तर देणारा मुलगा प्रामाणिक होता आणि त्याची काळजी खोटी नव्हती. तरीही माझे मत असे, की चळवळीच्या बाजूने त्या चाळीस मिनिटांत सर्वांत बळकट साक्ष कोणती असेल, तर ती कापलेलीच. नवऱ्याचा तुरुंगवास, घरातली उपासमार आणि शेजारणीची भाकरी ही तिन्ही एकाच आयुष्यात होती. त्यातले एक काढून घेतले की उरलेल्या दोहोंवरचा विश्वासही कमी होतो. घोषणा कोणालाही पाठ करता येते. ती शांतता पाठ करता येत नाही.

साक्ष म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी क्लोद लान्झमान यांचा ‘शोआ’ पाहावा. १९८५ चा हा फ्रेंच पट साडेनऊ तासांच्या आसपास आहे, तो एका बैठकीत पाहू नये. ज्यूंच्या संहाराविषयीच्या या पटात त्या काळचे एकही जुने चित्रण वापरलेले नाही. आहेत ती आजची ठिकाणे आणि बोलणारी माणसे. प्रारंभी पोलंडमधल्या खेल्मनो येथील नदीतून एक नाव जाते आणि नावेतला माणूस गातो. लहान मुलगा असताना त्याला याच नदीतून जर्मन पहारेकऱ्यांसाठी गावे लागले होते. त्याचा गळा गोड होता आणि त्या गळ्यामुळे तो काही काळ वाचला. गावातल्या वृद्धांना त्याचा आवाज अजून आठवतो.

भाषेच्या दृष्टीने या पटातील सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दुभाषी. लान्झमान यांना पोलिश, हिब्रू, यिडिश येत नव्हत्या. त्यांचा प्रश्न फ्रेंचमधून, मग दुभाषीकडून त्या भाषेत, मग उत्तर, मग त्याचा फ्रेंच अनुवाद. दुसऱ्या कोणी हा सगळा ‘वेळखाऊ’ भाग कापून टाकला असता आणि वर एक निवेदन चढवले असते. त्यांनी तो तसाच ठेवला. त्यामुळे अनुवाद होत असताना आपण साक्षीदाराचा चेहरा पाहत राहतो. शब्द आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी चेहरा पोहोचतो. कधी कधी तर उत्तर लांब आणि अनुवाद आखूड असतो, आणि मध्ये काहीतरी सांडले हे आपल्याला कळते. सीमाभागात कचेरीत, दवाखान्यात, न्यायालयात आपली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून सांगावी लागणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या दृश्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. म्हणून माझी विनंती, की मुलाखतीवर दुसऱ्या भाषेतील आवाज चढवू नका. खाली अक्षरे द्या, आणि मूळ आवाज पूर्ण ऐकू येऊ द्या.

‘द लिंग्विस्ट्स’ हा २००८ चा अमेरिकी माहितीपट तुलनेने हलका आहे. डेव्हिड हॅरिसन आणि ग्रेगरी अँडरसन हे दोन भाषाशास्त्रज्ञ सायबेरिया, बोलिव्हिया आणि आपल्या ओडिशात मावळत्या भाषांचा शोध घेत फिरतात. अभ्यासक हेच नायक आणि बोलणारे लोक दुय्यम, हा त्यातला दोष मला खटकतो. तरी एका प्रसंगासाठी तो पाहावाच. सायबेरियात चुलिम भाषेचे जाणकार शोधत दोघे वणवण फिरत असतात आणि पुढे कळते, की त्यांची गाडी चालवणाऱ्या माणसालाच ती भाषा उत्तम येते. तो इतका वेळ बोलला नव्हता, कारण लहानपणापासून त्या भाषेमुळे त्याच्या वाट्याला हेटाळणी आली होती. आपल्याकडेही मुलाखतीला घरातली बोलकी, शिकलेली माणसे पुढे केली जातात. खरी बोली ज्याच्याजवळ आहे तो बहुधा चहा आणून देतो आणि दाराशी उभा राहतो.

आता अशा पटाकडे वळतो, ज्याचे नावच आपल्या काळजाला हात घालते : ‘वी स्टिल लिव्ह हिअर’, म्हणजे ‘आम्ही अजून इथेच राहतो’. अ‍ॅन मेकपीस यांनी २०१० साली केलेला हा पट अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या वाँपानोआग लोकांविषयी आहे. त्यांची भाषा बोलणारा एकही माणूस शंभराहून अधिक वर्षे उरला नव्हता. त्या समाजातील जेसी लिटल डो बेअर्ड या स्त्रीने ती भाषा पुन्हा उभी करण्याचे मनावर घेतले, त्यासाठी एमआयटीत जाऊन केन हेल या भाषाशास्त्रज्ञाबरोबर अभ्यास केला. आधार काय होता? १६६३ साली छापलेले त्या भाषेतील बायबल, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाँपानोआग लोकांनी स्वतः आपल्या भाषेत लिहून ठेवलेली जमिनीची खरेदीखते, मृत्युपत्रे आणि तक्रार अर्ज. ध्वनिमुद्रण एकही नव्हते. म्हणून शब्दांचे उच्चार ठरवण्यासाठी त्याच कुळातील जिवंत भाषांशी ताडून पाहावे लागले. या प्रयत्नांतून बेअर्ड यांची मुलगी ही कित्येक पिढ्यांनंतर ती भाषा जन्मापासून बोलणारी पहिली व्यक्ती ठरली.

कागदाविषयी आरंभी मी जे म्हटले त्याची दुसरी बाजू या पटात दिसते. आपली भाषा सरकारी कागदावर असावी, सातबारा आणि नोटिसा मराठीत मिळाव्यात, ही आपली जुनी मागणी आहे. काही लोकांना ती हट्टाची वाटते. जमिनीचा कागद आपल्या भाषेत असणे म्हणजे काय असते, हे वाँपानोआग लोकांनी दाखवून दिले : ज्या खतांनी त्यांची जमीन गेली, त्याच खतांतून त्यांची भाषा परत आली. आपल्याकडे कित्येक घरांत माळ्यावरच्या पेटीत मोडी कागद पडून आहेत. ते वाळवीच्या तोंडून काढणे हेही भाषेचेच काम आहे. पण एक फरक लक्षात ठेवावा. त्या लोकांकडे आवाज उरला नव्हता, म्हणून त्यांना कागदावरून उच्चार रचावे लागले. आपल्याकडे आवाज अजून आहे.

मराठीतले काही नाही का, असे वाचक विचारतील. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ प्रत्येक मराठी माणसाने पाहावा, असे मी निःसंकोचपणे म्हणेन. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेध करणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला आणि दहा जण मृत्युमुखी पडले. पुढे काही दिवसांतच लोकशाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. पटवर्धनांनी पूर्वी ‘हमारा शहर’ या पटासाठी त्यांचे गाणे चित्रित केले होते. त्या मृत्यूपासून सुरू झालेला हा पट पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली. तीन तासांहून मोठा हा पट गाण्यांवर उभा आहे : शाहिरी, भीमगीते, वस्तीतल्या चौकात रात्री उशिरापर्यंत चाललेले गायन, आणि शेवटी कबीर कला मंचाच्या तरुण कलावंतांचा आवाज.

भाषेच्या दृष्टीने या पटाने मला जे दिले ते कोणत्याही व्याकरणाने दिले नव्हते. एकाच मुंबईत किती मराठी आहेत! शोक करणाऱ्या आईची मराठी, शाहिराची मराठी, पुढाऱ्याची सभेतली मराठी, सुखवस्तू तरुणांची बेफिकीर मराठी. आपण सीमाभागात ‘मराठी’ हा शब्द उच्चारतो तेव्हा ती एकसंध, एकजीव वस्तू असल्यासारखे बोलतो. हा पट विचारतो, की या शब्दात कोण कोण बसते आणि कोणाला आपण दाराबाहेर ठेवले? आपल्या गावांत चित्रण करणाऱ्यांनी मंडळाच्या कार्यालयातच न थांबता सगळ्या गल्ल्यांत, सगळ्या वस्त्यांत गेले पाहिजे. भाषेचा लढा सर्वांचा असेल तर तिच्या नोंदीत सर्वांची बोली हवी.

शेवटी आपल्या मातीतल्या एका माणसाकडे येतो. पंडित कुमार गंधर्वांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावीचा. नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, घरची भाषा कन्नड. शिक्षण मुंबईत देवधर मास्तरांकडे. क्षयाच्या आजारामुळे १९४८ साली कोरड्या हवेच्या देवासला गेले, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातील लोकगीते ऐकली. पुढे त्यांनी माळवी लोकधुनांना शास्त्रोक्त संगीतात आणले, कबीराची निर्गुणी भजने गायिली, आणि मराठी रसिकांना तुकाराम व बालगंधर्व नव्याने ऐकवले. त्यांच्यावर जब्बार पटेल यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘हंस अकेला’ केला. बेंगळूरुच्या शबनम विरमाणी यांचा ‘कोई सुनता है’ कुमारजी आणि कबीर यांच्या वाटेने जातो. त्यांच्या कबीरविषयक चार पटांपैकी हा एक. दोन्ही पाहावेत.

‘कोई सुनता है’ मला अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात कुमारजींचे गाणे ज्या लोकगायनातून आले त्या माळव्यातील गायकांपर्यंत आपण जातो. ऐकणे हाच या पटाचा विषय आहे. सुळेभावीचे कुमार गंधर्व आमचे की त्यांचे, असा वाद आपल्याकडे गप्पांत निघतो. मी स्वतः त्यांचे नाव अभिमानाने मराठीच्या खात्यात मांडणाऱ्यांपैकी आहे, आणि तो अभिमान मला सोडायचा नाही. परंतु हा पट पाहताना ध्यानात येते, की कन्नड घरात जन्मलेला, मराठीत वाढलेला आणि माळवीत नवा जन्म घेतलेला हा गळा कोणत्याही एका खात्यात पूर्ण मावत नाही. त्यामुळे मराठीचा दावा दुबळा होतो असे मला वाटत नाही. अण्णा, अक्का, अडकित्ता हे शब्द कन्नडमधून आले म्हणून आपली मराठी कमी मराठी झाली का? जी भाषा शेजारणीकडून घेते आणि तरी आपले वळण टिकवते, ती जिवंत असते. तिच्या जिवंतपणाचा हाच पुरावा आहे, आणि तोच आपण मुलाखतींतून कापत असतो.

हे सारे पाहून झाल्यावर ज्यांना चित्रणाला जायचे आहे, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. प्रश्नांची यादी खिशात ठेवावी, हातात धरू नये. ‘तुमची मागणी काय’ हे शेवटी विचारावे. आधी पेरणी, बाजार, लग्न, दुखणी, जात्यावरच्या ओव्या यांविषयी विचारावे. माणूस आपल्या बोलीत उतरायला वेळ घेतो, तेवढा वेळ मोबाइल स्थिर ठेवून गप्प बसावे. व्याकरण दुरुस्त करू नये. मध्ये कन्नड आले तर तेही पूर्ण घ्यावे आणि खाली त्याचा अर्थ द्यावा. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या माणसाची हकिगतही त्याच्या भाषेत घ्यावी, कारण त्याच वर्षांचा तोही साक्षी आहे. प्रसारासाठी तीन मिनिटांचा तुकडा करायचा तर खुशाल करावा, पण मूळ चाळीस मिनिटे कधीही पुसू नयेत. ती दोन ठिकाणी जपून ठेवावीत, आणि गाव, वय व तारीख यांची नोंद सोबत लिहावी. एक प्रत त्या घरच्या माणसांना दिल्याशिवाय उंबरठा सोडू नये. आवाज त्यांचा आहे.

आणि कामाला लवकर लागावे. न्यायालयातल्या दाव्याला पुढची तारीख मिळते. नव्वदीतल्या माणसाची मुलाखत पुढे ढकलू नये.